साडेअकराची कातरवेळ

उताणं झोपून रडलं की पाणी गालावर येत नाही, थेट कानात जातं. लग्नाआधी मला हे ठाऊक नव्हतं. लहानपणी रडायचं ते उशीत तोंड खुपसून, नाहीतर मोरीत नळ सोडून. छताकडं बघत, आवाज न करता रडायची वेळ पहिल्यांदा आली ती लग्नानंतर चौथ्या की पाचव्या महिन्यात. पंखा फिरत होता. शेजारी नवरा होता, त्याचा श्वास अजून खाली बसला नव्हता. दोनच मिनिटांपूर्वी मी हसले होते, अगदी मनापासून. आणि मग आतून काहीतरी ओसरून गेलं, आणि कानात पाणी.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"दुखलं का?"

"नाही ओ."

"माझं काय चुकलं का?"

या तिसऱ्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे मला पुढची सात-आठ वर्षं कळलं नाही. चुकलं काहीच नव्हतं. पण रडणाऱ्या बाईनं अंधारात "नाही, काही चुकलं नाही" म्हटलं तर ते कुणाला खरं वाटेल?

तेव्हा आम्ही कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहायचो. खाली सासू-सासरे, वर माडीवर आम्ही. माडीची फळी अशी की कूस बदलली तरी खालच्या खोलीत बातमी जायची. सासूबाई पहाटे पाच वाजता पाणी भरायला उठायच्या, त्याआधी आपलं सगळं आवरलेलं असावं, चेहरासुद्धा. म्हणून पहिली काही वर्षं मी सगळं खापर त्या फळीवर फोडलं. एवढं जपून, एवढं दबून काही केलं की शेवटी रडू येणारच, असं मनाशी ठरवून टाकलं. कारण सापडलं की माणसाला बरं वाटतं, ते खरं असो नसो.

मग २०१६ साली रंकाळ्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. स्वतःची खोली, आतून कडी, खाली सिमेंटचा स्लॅब. पहिल्या आठवड्यात आम्ही कॉलेजातल्या पोरांसारखे खिदळत होतो. आणि साडेअकराच्या सुमाराला, पंखा तोच, कानात पाणी तेच. फळी बिचारी निर्दोष सुटली.

पुढचा आरोपी मी स्वतःच होते. आपलं या माणसावर प्रेमच नसेल का? शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला असताना एक मुलगा होता. कँटीनमध्ये दोनदा शेजारी बसला होता, तिसऱ्यांदा बसला नाही, इतकीच ती गोष्ट. पण रात्री बारा वाजता मन पुराव्याच्या शोधात निघालं की असली गोष्टसुद्धा पुरते. त्याचा चेहराही मला नीट आठवत नव्हता आणि मी त्याच्या नावानं स्वतःला दोषी ठरवत होते.

नवऱ्याचा तपास स्वतंत्र चालला होता, ते मला फार नंतर कळलं. मला दिसायचं ते एवढंच, की त्यानं आधी अत्तर लावायला सुरुवात केली, मग ते सोडलं, मग तो प्रश्नच विचारेनासा झाला. सगळं झालं की उठायचा, पाणी प्यायचा, आणि खिडकीपाशी उभा राहून मोबाइल बघायचा. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेच्या पाण्याची पातळी, उन्हाळ्यात क्रिकेट. मी त्याच्या पाठीकडं बघत पडून राहायची. आठवड्यांचे पंधरवडे झाले, पंधरवड्यांचे महिने. दिवसा आमचं उत्तम चाललेलं असायचं. पोरीची शाळा, गॅसचा नंबर, रविवारचं मटण, त्यात कुठं काही कमी नव्हतं.

विचारायला गेले नाही असं नाही. एका डॉक्टरबाईंना धीर करून विचारलं. त्यांनी लिहिता लिहिता, मान वर न करता सांगितलं, "दुसरा चान्स घ्या, मन रमेल." एका मैत्रिणीला अर्धं सांगितलं, तर ती म्हणाली अंबाबाईची ओटी भर. ओटी भरली. ओटी भरायला कारण कुठं लागतं, मला तिथं बरंही वाटलं. पण देवीला सांगायचं तरी काय? माझ्याकडं त्यासाठी शब्दच नव्हता. मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते, रोज दुसऱ्यांच्या चुकीच्या शब्दांखाली लाल रेघा मारते, आणि माझ्या स्वतःच्या अंथरुणात घडणाऱ्या गोष्टीला मला नाव देता येत नव्हतं. याची लाज त्या रडण्याहून जास्त वाटायची.

शोधायला इंग्रजीत जावं लागलं. तिथं एक कोरडं वैद्यकीय नाव मिळालं, 'पोस्टकॉयटल डिस्फोरिया'. संबंध मनाजोगता झाल्यावरसुद्धा, काही कारण दिसत नसताना येणारी उदासी, रडू, चिडचिड किंवा अस्वस्थता. काहींना काही मिनिटं, काहींना तास-दोन तास. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत याला स्वतंत्र आजार म्हणून जागा नाही, हे वाचून मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. आजार नाही म्हणून बरं, आणि कुणी दखलही घेतली नाही म्हणून राग.

दखल तशी जुनी आहे म्हणा. एक लॅटिन म्हण आहे, गॅलेन या ग्रीक वैद्याच्या नावावर ती खपवतात, पण त्याच्या लिखाणात ती तशी सापडत नाही म्हणे. संबंधानंतर प्रत्येक प्राणी उदास होतो, अपवाद दोन, बाई आणि कोंबडा. हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्यानं हसले. कोंबड्याच्या पंगतीला बसवून वर "तू उदास होत नाहीस" असं परस्पर ठरवूनही टाकलं! (कोल्हापुरातला कोंबडा तर नक्की उदास असणार. त्याला तांबडा रस्सा दिसत असतो.) सतराव्या शतकात स्पिनोझा या तत्त्वज्ञानंही लिहून ठेवलंय की शरीरसुख भोगून झालं की त्याच्या मागून गाढ खिन्नता येते. पण तो सगळा पुरुषांचा कारभार. बायकांना कुणी विचारावं याला एकविसावं शतक उजाडलं.

विचारलं ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या संशोधकांनी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत विद्यापीठात शिकणाऱ्या २३० मुली होत्या. त्यातल्या ४६ टक्के मुलींनी सांगितलं, आयुष्यात एकदा तरी असं झालंय. गेल्या चार आठवड्यांत काही वेळा झालंय असं सांगणाऱ्या ५ टक्क्यांच्या आसपास. लहानपणी झालेल्या अत्याचाराशी काही अंशी धागा जुळतो, पण सगळ्यांचं कोडं त्यानं सुटत नाही. मला खिळवून ठेवलं ते पुढच्या एका वाक्यानं. जोडीदाराशी जवळीक किती आणि ही उदासी किती, यांचा त्यांना संबंध आढळला नाही. मी तो परिच्छेद तीनदा वाचला, डिक्शनरी घेऊन वाचला, काही नजरचूक तर होत नाही ना म्हणून. म्हणजे जवळीक भरपूर असूनही हे होतं. माझ्यावरचा खटला ज्या एका पुराव्यावर उभा होता, तो पुरावाच बाद झाला होता.

मग होतं कशानं? याचं सरळ उत्तर कुणाकडंच नाही. परमोच्च क्षणानंतर शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, आधी उसळलेली उत्तेजना त्याच्या आसपास बसते, आणि हा उतार काहींना जास्त जाणवत असावा असा एक अंदाज. इंग्लंडमध्ये जुळ्या बहिणींवर झालेल्या अभ्यासात थोडा आनुवंशिक भागही दिसला. माझ्या आईला होत असेल का हे, असं एकदा मनात आलं आणि मी घाईनं दुसरं काहीतरी वाचायला घेतलं. तेवढी आधुनिक मी नाही.

इथं एक गोष्ट मला टोचते. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं ते जुलै १९२७ मध्ये. लैंगिक प्रश्नांवर, चोख मराठीत. खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत त्या माणसानं मासिक चालवलं. त्यानंतर इतक्या वर्षांनी मी मराठीची शिक्षिका, दार लावून, मोबाइलचा उजेड कमी करून, इंग्रजीत वाचत बसले होते. दार कशाला लावलं होतं तेही सांगता येणार नाही, घरात कुणीच नव्हतं.

शेवटी राजारामपुरीतल्या एका समुपदेशक बाईंकडं गेले. बाई मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन इकडं आलेल्या. त्यांनी आधी साधे, स्पष्ट प्रश्न विचारले. जबरदस्ती होते का? मनाविरुद्ध होकार देता का? दुखतं का? हे वाटणं तेवढ्यापुरतं असतं की दिवसभर? भूक, झोप, कामात लक्ष? यातलं एक जरी 'हो' असतं तर आपलं बोलणं वेगळ्या वाटेनं गेलं असतं, असं त्या म्हणाल्या. माझी सगळी उत्तरं 'नाही' होती. मग म्हणाल्या, आता तुमच्या शब्दांत सांगा.

आता, आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात कशा बोलतो ते बाहेरच्यांना सांगायला हवं. "मी जातो", "मी आलो", "मी जेवलो". वर्गात मी जाते-येते म्हणते, पण गळा दाटला की व्याकरण माहेरी जातं. मी म्हणाले, "सगळं चांगलं असतंय, हसत असतोय, आणि नंतर उगंच रडतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते रडतात? कधीपासून?"

"ते नाही ओ, मी! मी रडतो."

त्यांच्या लक्षात आलं, आम्ही दोघी हसलो. पण हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "बरं, पण त्यांचं काय? त्यांना काय होतं नंतर?"

मी गप्प. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं होत आली होती. त्यांना काय होतं? ते उठतात. पाणी पितात. खिडकीपाशी उभं राहतात. त्या पाठीच्या पुढच्या बाजूला काय असतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. रडणारी मी, म्हणजे प्रश्न माझा, म्हणजे विचारायचं काम त्यांचं, अशी वाटणी मी परस्पर करून टाकली होती.

विचारायला जागा कुठली? खोलीत नको, तिथली हवाच त्या प्रश्नानं जड झालेली. आम्ही अधूनमधून रात्री गंगावेशीत दूध प्यायला जातो. समोर म्हैस उभी, तिथंच धार काढून फेसाळता ग्लास हातात. पोरीला सासूबाईंकडं ठेवून एका शनिवारी गेलो. दूध पिऊन निघालो आणि गाडीवर, रंकाळ्याकडं वळताना, मी त्याच्या खांद्यामागून विचारलं. समोरासमोर मला जमलं नसतं. त्यालाही गाडी चालवत असल्यानं मागं वळून बघायची सोय नव्हती, म्हणून तो बोलला असावा.

"मला रडू येत नाही," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता गाडीचा आवाज. "रितं वाटतं. कुस्ती मारून आल्यावर वाटायचं तसं."

माझा नवरा विशीपर्यंत तालमीत होता. फार मोठा पैलवान नव्हे, गावोगावच्या जत्रेत नारळावरच्या कुस्त्या खेळलेला. तो सांगत होता, अर्धं वाऱ्यावर जात होतं. कुस्ती जिंकली की हलगी वाजायची, लोक खांद्यावर घ्यायचे, कुणी दहाची नोट खोचायचं. आणि रात्री तालमीत परतून मातीच्या वासात पडलं की छातीत नुसती पोकळी. जिंकलोय, मग हे काय? हरलेल्या रात्री असं कधी व्हायचं नाही म्हणाला. हरल्यावर राग असायचा, रागाला धरून झोप लागायची.

आणि त्यावर वस्तादांची शिकवण. लंगोट सांभाळ. रक्ताचे चाळीस थेंब आटतात तेव्हा एक थेंब होतो, तो घालवलास की ताकद गेली. सोळा वर्षांच्या पोराच्या कानात हे रोज पडत असेल, तर पंचविशीत लग्न लावून दिलं म्हणून ते कानातून निघून जात नाही. "मला दर वेळी वाटायचं काहीतरी गेलं," तो म्हणाला. "आणि बघतोय तर तू रडतेस. म्हटलं, दोघांचंही गेलं."

आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांना ही चाळीस थेंबांची भीती चांगली परिचयाची आहे. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. वीर्य गेलं म्हणून अशक्तपणा, उदासी, अपराधीपणा. शरीरशास्त्रात या हिशेबाला काही आधार नाही, वीर्य रक्तापासून आटवून बनत नाही, पण भीती खरी असते आणि माणूस त्या भीतीनं खरोखर खंगतो. नवऱ्याचं इतक्या थराला गेलं नव्हतं. त्याच्या पोकळीत थोडं वस्तादांचं होतं आणि थोडं त्याचं स्वतःचं, बिनकारणाचं. नंतर मी त्याला क्वीन्सलँडवाल्यांचीच २०१८ ची पाहणी वाचून दाखवली. सत्तरहून जास्त देशांतले १,२०८ पुरुष, त्यातल्या ४१ टक्क्यांना कधी ना कधी हे झालेलं, २० टक्क्यांना गेल्या चार आठवड्यांत. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "एवढ्यांनी सांगितलं? कुणाला सांगितलं?" आकड्यापेक्षा त्याला त्याचंच नवल वाटलं होतं.

एवढं सगळं कळूनही रडणं थांबलं नाही. थांबेल अशी माझी कल्पना होती. कारण कळलं की रोग जातो असं कुठंतरी मनात असतं, पण इथं नीट कारणही कळलं नव्हतं आणि हा रोगही नव्हता. फरक पडला तो एका वेगळ्याच ठिकाणी, बारावीच्या वर्गात.

कवितेत 'कातरवेळ' शब्द आला होता. मी नेहमीप्रमाणे सांगत होते, कातर म्हणजे व्याकूळ, भ्यालेलं. आणि कातर म्हणजे कात्रीसुद्धा, दिवस आणि रात्र जिथं कातरली जाते ती वेळ. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "पण मॅडम, दुःख कशाचं झालंय तिला?"

"कशाचंच नाही," मी म्हणाले. "वेळच तशी असते." आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

मला आजी आठवली. कागलकडच्या गावातली, उंबऱ्यावर बसलेली. तिन्हीसांजेला ती म्हणायची, "जीव कसानुसा व्हतोय गं." घरातलं कुणीही तिला कधी "का?" असं विचारलं नाही. आजोबांनी "माझं काय चुकलं?" म्हटलं नाही. मावळणाऱ्या दिवसाचा गुन्हा काय ते कुणी शोधत बसलं नाही. आई दिवा लावायची. यावेळी झोपू नये, केर काढू नये, केस विंचरू नयेत, बाळाला एकटं ठेवू नये. इतके सगळे नियम, आणि ते सगळे एका गोष्टीला धरून, की ही वेळ हळवी असते आणि ती जाईपर्यंत माणसांनी एकमेकांच्या जवळपास असावं. अख्ख्या भाषेनं संध्याकाळला विनाकारण उदास व्हायची परवानगी देऊन ठेवलेली आहे. ती रात्री साडेअकराला का चालू नये?

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा नवरा कांदा चिरत होता. त्याला कवितेबिवितेचं काही नाही. तो म्हणाला, "म्हणजे दिवा लावायचा एवढंच ना?"

एवढंच. आता तो झिरोचा बल्ब लावतो. पाणी प्यायला उठायचं असेल तर दोन भांडी घेऊन येतो. आणि खिडकीपाशी जात नाही, पलंगावर टेकून बसतो. प्रश्न विचारत नाही. कधी फाउंड्रीतल्या गोष्टी सांगतो, कुठल्या कास्टिंगला भोक पडलं, कुणी दांडी मारली. मला अर्ध्याहून जास्त कळत नाही. कधी काहीच होत नाही मला, आम्ही दोघं सरळ झोपून जातो. कधी होतं, मग मी आधीच सांगते, "मी रडतो हं जरा." तो म्हणतो, "रड की."

त्याला रितं वाटतं तेव्हा तो सांगतोच असं नाही. पण त्याचा पाय हलायला लागतो, ते मला आता कळतं. मग मी बोलते, किंवा त्याच्या पोटावर हात ठेवते.

परवा जुलैची रात्र होती. चार दिवस पाऊस धरून होता, पंचगंगा पात्राबाहेर येऊन घाटाच्या पायऱ्या कधीच गिळून बसली होती. अशा दिवसांत कोल्हापुरात माणूस भेटला की आधी पातळी विचारतो, तब्येत नंतर. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर, हे पोरांनाही पाठ असतं. मी कान पुसत पडले होते. शेजारी त्यानं मोबाइल घेतला. पूर्वी या एका हालचालीनं माझ्या पोटात खड्डा पडायचा. त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली, मला चष्म्याशिवाय दिसेना.

"किती?"

"अडतीस फूट नऊ इंच."

"चढतीय का उतरतीय?"

"आता तासाभरानं कळंल," तो म्हणाला, आणि मोबाइल उशाखाली सारून माझ्या बाजूला सरकला.